काकांशी भांडू नका, मालकांना चिठ्ठी द्या

वाचकाचं पत्र

ताई,

मी नागपूरच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात अकाउंट्स बघते. वय ३४. बाजूला गोडाऊन आहे आणि वरच्या मजल्यावर ऑफिस, एकच मोठी खोली. आम्ही सात जण आहोत. मला लहानपणापासून दमा आहे, पण एवढी वर्षं तो फार त्रास देत नव्हता.

यंदा मार्चमध्ये मालकांनी खिडकीतला कूलर काढून एसी लावला. खिडक्यांच्या फटींना टेप चिकटवली. सगळे खूश आहेत, मलाच त्रास होतो. आमचे हेडक्लार्क, ज्यांना आम्ही काका म्हणतो, दिवसभर टेबलावरच सिगारेट ओढतात. माझं टेबल त्यांच्या समोर आहे. दुपारी चारच्या सुमारास दम्याचा निळा पंप घ्यावाच लागतो. रविवारी लागत नाही. संध्याकाळी गाडी स्टँडवरून काढतानाही धाप लागते.

काका वाईट माणूस नाही. बिल्टी कशी भरायची इथपासून टॅलीपर्यंत सगळं मला त्यांनी शिकवलं. बाबा गेले तेव्हा मालकांकडून ॲडव्हान्स त्यांनीच मिळवून दिला. त्यांच्याविरुद्ध मी तोंड कसं उघडू?

ड्रायव्हर बिडी घेऊन वर आला तर मालक ओरडतात, "बाहेर पी ना रे!" पण एखादी मोठी पार्टी आली की काचेचा ॲशट्रे मालक स्वतःच पुढे सरकवतात. एकदा मी हळूच विषय काढला, तर एक जण म्हणाला, "हे काय सरकारी ऑफिस आहे का? मालकाचं घरचं ऑफिस आहे." दुसरा म्हणाला, "तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांना तू काही म्हणत नाहीस, मग काकांनाच काहून?" नवरा म्हणतो, एक तर नोकरी सोड नाहीतर गप्प बस. घराचा हप्ता आहे, नोकरी सोडणं परवडणारं नाही.

तक्रार केली तर पोलीस येतील का? काकांना अटक वगैरे होईल का? तसं झालेलं मला नको आहे. मला फक्त धाप न लागता घरी जायचं आहे.

एक वाचक, नागपूर

सल्ला

ताई,

कायद्याचं नंतर बोलू, आधी पंपाचं. दुपारी चारला निळा पंप लागतो आणि रविवारी लागत नाही, हे तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. पण तुमच्या अख्ख्या पत्रात माझं लक्ष तिथेच अडकलं. लगेच आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, असं डॉक्टर धरतात. तुम्हाला तो आठवड्यात सहा दिवस लागतोय. तेव्हा बाकी काहीही करण्याआधी, याच आठवड्यात, छातीच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला जा किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, पण जा. रविवारचा फरक त्यांना मुद्दाम सांगा. रोज घ्यायचा दुसरा पंप तुम्ही "बरं वाटतंय" म्हणून मध्येच सोडला असेल, तर तेही लपवू नका. बरेच जण सोडतात. आणि येताना त्यांच्याकडून दोन ओळींचा कागद घेऊन या: दमा आहे, तंबाखूच्या धुरापासून दूर राहणं आवश्यक आहे. हा कागद पुढे कामी येईल.

त्रास यंदाच का वाढला, हेही समजून घ्या, म्हणजे "तुलाच काय होतं गं" असं कोणी म्हटलं तर उत्तर तयार राहील. खिडकीतला कूलर बाहेरची हवा वाळ्यातून ओढून आत फेकतो. ती हवा बाहेर जायला समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवावं लागतं, नाहीतर नुसती चिकचिक होते. नागपुरात हे कोणाला शिकवावं लागत नाही. म्हणजे काकांच्या सिगारेटचा बराचसा धूर इतकी वर्षं त्या हवेबरोबर बाहेर जात होता. भिंतीवरचा एसी तसा चालत नाही. तो खोलीतलीच हवा आत घेतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, पण सिगारेटच्या धुरातले वायू आणि अगदी बारीक कण तिला अडवता येत नाहीत. त्यात तुमच्याकडे फटींना टेप लावलेली आहे. सकाळी अकराच्या सिगारेटचा धूर खोलीतून पुरता जायच्या आत पुढची पेटते, मग तिच्या मागची. चार वाजेपर्यंत तुम्ही सगळ्यांचा मिळून साठलेला धूर ओढत असता. इतर सहा जणही तेच ओढतात, फक्त त्यांच्या छातीतून अजून आवाज येत नाही.

मग कूलर परत लावा म्हणून मागणी करायची का? नको. त्याने धूर कमी होईल, जाणार नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, २००६ चा अहवाल या बाबतीत स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि खिडक्या उघडून किंवा पंखे लावून धोका संपत नाही. त्याच अहवालात म्हटलंय की घरी किंवा कामावर असा धूर सोसणाऱ्या, स्वतः कधीही न ओढणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. दमा असणाऱ्याला तर एवढी वाटही बघावी लागत नाही.

आता "घरचं ऑफिस" या मुद्द्याकडे येते. तुमच्या सहकाऱ्याला वाटतं ते बऱ्याच जणांना वाटतं, आणि ते चूक आहे. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा २००३ चा आहे, सरकारी कामकाजात त्याला कोटपा म्हणतात. त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. नंतर या बंदीचे तपशीलवार नियम आले, ते २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय, याच्या व्याख्येत त्या नियमांनी कामाची ठिकाणंही धरली आहेत. तिथे सरकारी, खाजगी असा भेद नाही. किती माणसं काम करतात, हेही विचारलेलं नाही. दुकाने व आस्थापनांचा राज्याचा २०१७ चा कायदा कमी कामगार असलेल्या छोट्या ठिकाणांना बऱ्याच गोष्टींतून मोकळं सोडतो, त्यामुळे सात जणांच्या ऑफिसात "आपल्याला कायदे लागत नाहीत" अशी समजूत होऊन बसते. धूम्रपानबंदीला ही सूट नाही. सात जण असोत की सातशे, खोली तीच, नियम तोच.

हा हक्क कुठून आला, हे थोडक्यात सांगते. तुमचा संकोच त्याने कमी होईल असं मला वाटतं. केरळमध्ये प्रवासात सहप्रवाशांच्या सिगारेटचा त्रास झालेल्या एका प्राध्यापिकेने न्यायालयाचं दार ठोठावलं आणि १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला. मग मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयाने राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा आधार घेतला. न्यायालयाने विचारलं की जो स्वतः ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुरापायी आजार का सोसावा, आणि रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, सरकारी कार्यालयं, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान थांबवायला सांगितलं. दोन वर्षांनी कायदा आला. तुमच्यासारख्याच धाप लागणाऱ्या माणसांनी बोलून दाखवलं म्हणून तो आला. तेव्हा मालकांपुढे तुम्ही मेहरबानी मागायला उभ्या नाही आहात, हे मनात पक्कं ठेवा.

माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचं उत्तर २००८ च्या नियमांत आहे. ऑफिसात कोणी धूम्रपान करत नाही ना, हे बघायची जबाबदारी त्या नियमांनी मालकावर, व्यवस्थापकावर, त्या जागेच्या प्रमुखावर टाकली आहे. तुमच्यावर टाकलेली नाही, काकांच्या भल्या मनावरही सोडलेली नाही. दाराशी फलक लावायचा तो मालकाने. जिन्यात, प्रत्येक मजल्यावर लावायचा तोही मालकाने. फलक कमीत कमी ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद हवा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल वर्तुळ, आत धूर निघणारी सिगारेट किंवा बिडी आणि तिच्यावर आडवी लाल पट्टी. "धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे" अशी ओळ, मराठीत चालते. तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नावही तिथे ठळक लिहायचं असतं. सीताबर्डीच्या बाजारात कोणताही फ्लेक्सवाला हे तासाभरात करून देईल.

आणि तो काचेचा ॲशट्रे. नियमात त्याचा वेगळा उल्लेख आहे: अशा जागी ॲशट्रे, माचिस, लायटर, म्हणजे धूम्रपानाला सोय होईल अशी कोणतीही वस्तू पुरवायची नाही. पार्टीपुढे ॲशट्रे सरकवताना तुमचे मालक पाहुणचार करत असतील, पण नियम मोडणारे त्या क्षणी तेच असतात. ड्रायव्हरला बाहेर काढायचं आणि पार्टीला ॲशट्रे द्यायचा, हे मला तुमच्या पत्रात फार लागलं. कायद्यात धूम्रपान म्हणजे कुठल्याही रूपात तंबाखू ओढणं, मग ती सिगारेट असो, सिगार असो की बिडी. गोंदिया-भंडाऱ्याच्या तेंदूपानाची बिडी आणि पार्टीची महागडी सिगारेट, दोन्हींचा धूर तुमच्या छातीत सारखाच जातो. रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाला जो नियम लावता येतो, तो गादीच्या खुर्चीत बसलेल्यालाही लावता आला पाहिजे. मालकांना तो नियम पाळून घेता येतो, हे ते रोज ड्रायव्हरवर दाखवतात.

आणखी एक शक्यता आत्ताच सांगून ठेवते, कारण ती हमखास पुढे येईल. मालक म्हणतील, "ठीक आहे, मागची छोटी खोली सिगारेटला ठेवू," किंवा "जिन्यात जाऊन ओढा." दोन्हींना हो म्हणू नका. वेगळी धूम्रपानाची खोली ठेवायची मुभा कायद्याने फक्त विमानतळांना, ३० किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना आणि ३० किंवा जास्त माणसांच्या बसण्याची सोय असलेल्या रेस्टॉरंटना दिली आहे. तिथेही चारी बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार, हवा थेट बाहेर फेकणारी वेगळी यंत्रणा अशा अटी आहेत. ऑफिसाला ही मुभाच नाही. आणि जिना इमारतीच्या आतच आला. तिथला धूर वर येतो आणि दार उघडलं की तुमच्याच टेबलापाशी पोचतो.

आता तुमचे दोन सरळ प्रश्न. काकांना अटक होईल का? हा जामीनपात्र गुन्हा आहे आणि शिक्षा २०० रुपयांपर्यंत दंडाची, तुरुंगाची नाही. अधिकार असलेला अधिकारी जागेवरच दंड घेऊन प्रकरण मिटवू शकतो. तेव्हा ही भीती मनातून काढून टाका. पोलीस येतील का? उपनिरीक्षक आणि त्यावरच्या पोलिसांना कारवाईचा अधिकार आहे, पण वाडीतल्या एका वरच्या मजल्यावरच्या खोलीत एका सिगारेटसाठी ते धावत येतील, असं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही. दोनशे रुपयांच्या दंडाचा धाक मोठा नाही, आणि छोट्या ऑफिसांतून तपासणीला क्वचितच कोणी जातं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतात बंद जागेत काम करणाऱ्यांपैकी ३०.२ टक्के लोकांनी कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचा धूर सोसावा लागत असल्याचं सांगितलं. कायदा येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. म्हणून मी तुम्हाला पोलीस चौकीपासून सुरुवात करा असं सांगत नाही. मालकांपासून करा, आणि लेखी करा.

पण त्याआधी काकांना एकट्याला गाठा. तुमच्या वडिलांच्या वेळी जो माणूस धावून आला, त्याला ही गोष्ट नोटीस बोर्डावरून कळू नये. सकाळी लवकर जा, ऑफिस भरायच्या आत, त्यांची पहिली सिगारेट पेटायच्या आत. कायदा, दंड, कलम यातलं काहीही काढू नका. एवढंच सांगा: "काका, एसी लागल्यापासून धुराने मला रोज पंप घ्यावा लागतो. डॉक्टरांनी सांगितलंय धूर चालणार नाही. मी मालकांना चिठ्ठी देणार आहे, सगळ्यांसाठीच नियम करा म्हणून. तुमच्या आधी दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही." डॉक्टरांचा कागद हातात असू द्या. ते गप्प बसतील, कदाचित दुखावतील, कदाचित "अगं मग सांगायचं नाही का आधी" म्हणून पाकीट खिशात टाकतील. तुमच्या पत्रातला माणूस मला तसा वाटतो. त्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही रोज पंप घेत होतात, पण टेबलाखाली लपवून घेत असाल तर त्यांना कळणार कसं? भीड ही भिकेची बहीण म्हणतात. तुम्ही भिडेपायी मार्चपासून गप्प आहात आणि त्याची किंमत छाती मोजते आहे.

काका मान्य झाले तरी चिठ्ठी द्याच. काका थांबले तरी पार्ट्या थांबणार नाहीत, मालकही थांबणार नाहीत. चिठ्ठी अशी लिहा, फार वाढवू नका:

"मा. साहेब, ऑफिसात एसी बसवल्यापासून खिडक्या बंद असतात, त्यामुळे सिगारेटचा धूर खोलीतच राहतो. मला दमा आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. २००३ च्या कोटपा कायद्याप्रमाणे आणि २००८ च्या नियमांप्रमाणे कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि तसा फलक लावणे ही कार्यालयप्रमुखांची जबाबदारी आहे. कृपया फलक लावावा, ॲशट्रे काढावेत आणि कर्मचारी, ड्रायव्हर, पार्टी अशा सर्वांनी धूम्रपान इमारतीबाहेर करावे अशी सूचना द्यावी. ही कोणा एका व्यक्तीविरुद्ध तक्रार नाही."

खाली तारीख आणि सही. एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि हीच चिठ्ठी मालकांच्या व्हॉट्सॲपवरही पाठवा. तोंडी सांगितलेलं "मला कोणी बोललंच नाही" म्हणून झटकता येतं. लेखी चिठ्ठीचं तसं नसतं, कारण तक्रार येऊनही प्रमुखाने काही केलं नाही तर तिथे जितके गुन्हे घडले तितक्यांच्या हिशेबाने दंड त्याच्यावरच लागतो. हे वाक्य चिठ्ठीत घालू नका, धमकी वाटेल. मालकांनी हात झटकले तर पुढच्या चिठ्ठीसाठी राखून ठेवा.

मालकांशी बोलताना आणखी एक गोष्ट काढा, जी ते स्वतःच्या धंद्यातून लगेच ओळखतील. बाजूलाच गोडाऊन आहे. पुठ्ठ्याची खोकी, गठ्ठे, प्लॅस्टिक, पॅकिंगचं गवत. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा हा सगळा माल वाळून कोरडाठाक झालेला असतो. जिन्यात न विझलेलं एक थोटूक पडलं तर काय होईल, हे ट्रान्सपोर्टवाल्याला सांगावं लागत नाही. म्हणून ओढायची जागा इमारतीबाहेर, उघड्यावर, मालापासून लांब ठरवा. जवळपास एखादं कडुलिंबाचं झाड असेल तर बरं, कारण काकांच्या वयाच्या माणसाला भर दुपारी उन्हात उभं करावं असं मलाही वाटत नाही. पण सावलीची सोय करणं मालकांचं काम आहे, तुमच्या फुप्फुसांनी ती करायची नाही.

खर्ऱ्याचा मुद्दा. "त्यांना काही म्हणत नाहीस" हा टोमणा तुम्हाला लागलेला दिसतो, पण तो इथे बसत नाही. शेजारच्या टेबलावरचा खर्रा तुमच्या फुप्फुसात जात नाही. म्हणून धूम्रपानबंदीचं कलम चघळण्याला लागत नाही. याचा अर्थ खर्रा चांगला, असा मुळीच नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, नंतर सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीवरही आली. तरी पानठेल्यावर पन्नीत घोटून घोटून खर्रा बनतोच आणि आपल्या विदर्भात तोंडाच्या कॅन्सरने घरंच्या घरं रिकामी होतात. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर कधी थांबून बघा. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन. वर सांगितलेल्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू चघळणारे २४.४ टक्के निघाले आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. तुमच्या खोलीतही ओढणारे मोजकेच आहेत, बाकीचे सोसणारे आहेत. त्यांच्यातला एखादा तुमच्या चिठ्ठीवर सही करेल का, विचारून बघा. दोन सह्या असल्या तरी "तुलाच त्रास होतो" हे म्हणणं बंद होतं. कोणी केली नाही तर एकटीची द्या, थांबू नका.

मालक ऐकलेच नाहीत तर? पंधरा दिवस थांबा, दुसरी चिठ्ठी द्या, आणि मग जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे अर्ज करा. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत हा कक्ष असतो. सिव्हिल सर्जनच्या कार्यालयात विचारलं की योग्य माणसापर्यंत पोचाल. पोलिसांपेक्षा इथून सुरुवात बरी, कारण हे त्यांचं रोजचं काम आहे आणि आधी समज देऊन, फलक लावून घेऊन प्रश्न सुटावा असाच त्यांचा कल असतो. नाव न घालता अर्ज करावा असं तुमच्या मनात येईल. सात जणांच्या ऑफिसात, तेही तुम्ही आधी चिठ्ठी दिल्यावर, अर्ज कोणी केला हे लपणार नाही. तेव्हा नाव घालूनच करा, मागच्या चिठ्ठ्या जोडा.

नोकरीचं मी गोड गोड बोलून टाळणार नाही. छोट्या ऑफिसात मालकाच्या मनातून उतरलेल्या माणसाचं काम कठीण होतं. कधी पगारवाढ अडते, कधी सुट्टी, कधी रोजचं बोलणंच बंद होतं. कायदा यातून दर वेळी वाचवत नाही. म्हणूनच मी तुम्हाला काका, मालक, मग कक्ष, अशा क्रमाने जायला सांगते आहे. प्रत्येक पायरीला समोरच्याला मान राखून मागे यायची जागा राहते. दुसरीकडे नोकरी बघत राहायला हरकत नाही. वाडी, हिंगणा, बुटीबोरी या भागांत बिल्टी, टॅली आणि जीएसटी येणाऱ्या माणसाची गरज असते. पण दुसरी हातात येईपर्यंत राजीनामा लिहू नका. तुमचे यजमान काळजीपोटीच बोलत असतील, पण "सोड नाहीतर गप्प बस" या दोन्ही वाटांत नियम मोडणारा तिथेच बसून राहतो आणि तुम्ही एक तर पगार गमावता नाहीतर तब्येत. त्यांना हे पत्र वाचायला द्या. डॉक्टरांकडे जाताना सोबत घेऊन जा. चार वाजता तुमची छाती कशी वाजते हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ते गप्प बसायला सांगणार नाहीत.

आणि काकांबद्दल थोडं आणखी. नियम झाला की काकांवर अन्याय होईल असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही देशांतल्या अभ्यासांचा एक आढावा आला होता. कामाची जागा पूर्ण धूरमुक्त केल्यावर सिगारेट ओढणारे कर्मचारी दिवसाला सरासरी तीन सिगारेटी कमी ओढू लागले आणि काहींनी साफ सोडली. हात लांबवला की पाकीट, असं राहिलं नाही आणि जिना उतरून बाहेर जावं लागलं की बऱ्याचदा तलफ टळून जाते. त्यांनी कधी मनावर घेतलं तर सरकारची मोफत मदतवाहिनी आहे: १८००-११-२३५६. हा नंबर त्यांच्याच सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयातही तंबाखू सोडण्याबद्दल सल्ला मिळतो. निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून घ्यावं, विशेषतः बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर. पण हे सगळं पहिल्याच दिवशी त्यांना ऐकवू नका. त्या सकाळी फक्त तुमच्या पंपाचं बोला. सोडण्याचं बोलणं त्यांनी स्वतः काढलं तर नंबर तुमच्याजवळ असू द्या, आणि डॉक्टरांची वेळ मात्र उद्याच घ्या.